टोपी आधी, जीप नंतर

यशवंता, परवा सकाळी तुझ्या दारात दोन बाजूंना माणसे उभी होती. एका बाजूला आपली गल्ली, उघड्या डोक्याने. फेटे, मुंडाशी, पांढऱ्या टोप्या, ज्याच्या डोक्यावर जे होते ते काखेत किंवा हातात आले होते. मयताच्या दारात आपल्याकडे माणूस डोक्यावरचे उतरवतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. दुसऱ्या बाजूला पोलीस होते. त्यांच्यापैकी एकाचीही टोपी उतरलेली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी साहेबांची जीप उभी होती.

एका तरुण शिपायाला मी विचारले, "सलामीचं काही आहे का?"

"हेड कॉन्स्टेबलला सलामी न्हाय, साहेब," तो म्हणाला. "ड्युटीवर गेलं असतं तर येगळं."

"आणि नुसता सलाम? जाणाऱ्या माणसाला?"

तो जरा घोटाळला. "ते मास्तरांनाच इचारायला पायजे," असे तुझेच नाव काढून बोलून गेला आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन खाली बघू लागला.

आमच्या वर्तमानपत्रात तुझी बातमी आली ती चार ओळींची. त्यात 'हेड कॉन्स्टेबल' हाच शब्द आहे. तुझा शेवटचा हुद्दा तोच होता, आणि बातमीत चुकीचा हुद्दा छापलेला तुला कधी खपला नाही. डीवायएसपीला डीएसपी केले म्हणून तू एकदा भर कचेरीत येऊन माझ्या टेबलावर अंक आपटला होतास. "लेका, एका रात्रीत बढती दिलीस की रं त्येला! सरकारला इचारलंस का?" सगळा कंपोझ विभाग हसला होता. त्या चार ओळींत जे बसले नाही, ते इथे तुझ्याशी बोलतो आहे. तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. जिवंतपणीही या विषयावर तू माझे कधी ऐकले नाहीस.

संस्थानच्या पोलिसात तू शिपाई म्हणून लागलास, तेव्हा मी छापखान्यात प्रुफे वाचत होतो. हेड कॉन्स्टेबल होऊन तू कवायत मास्तर झालास आणि मैदानावर तुझा आवाज फिरू लागला. सायकल टेकवून मी कधी कधी बघत उभा राही. नव्या पोरांना तू सलाम शिकवायचास तो हातापासून नव्हे, टाचेपासून. टाचा जुळल्या की गुडघे, गुडघे ताठ झाले की पाठ, आणि हात सगळ्यांत शेवटी. पोरांना वाटायचे सलाम म्हणजे हात. तू ओरडायचास, "हात माश्या हाकायलाबी उचलतासा की! आधी हुबं ऱ्हावा!"

दरबारातला मुजराही तुला येत होता. तू सांगायचास, मुजऱ्याला कंबर लागती, सलामाला पाठ लागती. मुजरा माणसाला असतो, सलाम हुद्द्याला. "खांद्यावर काय हाय ते बघायचं. आत माणूस कसा हाय ते बघायचं काम तुमचं न्हवं." यावर आपला वाद व्हायचा. मी म्हणायचो, आत माणूस नालायक असेल तर? तू म्हणायचास, मग तर जास्तच कडक मारायचा, म्हणजे हुद्दा त्याच्यापेक्षा मोठा आहे हे त्याला कळते. सलाम घेणाऱ्यालाही तू सोडत नव्हतास. ज्याला सलाम मिळतो त्याने तो परत दिलाच पाहिजे. जो साहेब हात उचलत नाही तो शिपायाचा सलाम चोरतो, असे तुझे म्हणणे. आणि तिसरा नियम: डोक्यावर टोपी नसेल तर हात उचलायचा नाही, नुसते सावधान उभे राहायचे. टोपीवर सरकारचा बिल्ला असतो. बिल्ला डोक्यावर नसेल तर सलाम तुझा झाला, सरकारचा नाही झाला.

संस्थान विलीन झाले, बिल्ले बदलले आणि तुला फौजदार केले. हंगामी. कायम करायचे नंतर बघू, असे होते. अब्दुलचाचा शिंप्याने तुझ्या खांद्यावर भोके पाडून दोन स्टार बसवले आणि बोटाने ठोकून बघितले. "आता ह्ये निघायचं न्हाईत बगा, मास्तर," तो म्हणाला. पारूवहिनींनी गल्लीत साखर वाटली. तुम्ही पोलीस लाइनीतल्या फौजदाराच्या क्वार्टरात राहायला गेलात.

त्याच वर्षी माझे वडील गेले. तू परेडवरून तसाच आलास, बुटावर मैदानाची माती. दारात थांबलास, टोपी काढलीस, उंबऱ्याशेजारी भिंतीतल्या देवळीत पणतीजवळ ठेवलीस आणि आत येऊन कुणाशी न बोलता तिरडी बांधायला बसलास. सुंभाच्या गाठी तुझ्याच हातच्या होत्या. माझ्याच्याने त्या दिवशी एकही गाठ बसत नव्हती. त्याबद्दल तुला मी कधी काही म्हटले नाही. आता म्हणतो. पण इथे ते सांगण्याचे कारण दुसरे आहे. मयताच्या दारात तू टोपी काढायचास, आणि ती कुठे ठेवायचास, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

पुढच्या उन्हाळ्यात गडमुडशिंगीचा धोंडी नावाचा तरणा गडी बैलचोरीच्या संशयावरून ठाण्यात आणला. बैल नंतर दुसऱ्याकडेच सापडले. तोवर धोंडी कोठडीत मेला होता. कागदावर लिहिले गेले, फेफरे आले. त्याला मारहाण चालली असताना त्या वेळचे डेप्युटी साहेब खुर्ची टाकून तिथे बसले होते. तू "साहेब, बास करा, मरंल," म्हणालास, आणि तुला बाहेर बाजाराच्या बंदोबस्तावर पाठवण्यात आले. परत आलास तेव्हा सगळे संपले होते.

मग तुलाच हुकूम झाला. प्रेत लॉरीतून गावी न्यायचे, आईच्या ताब्यात द्यायचे, आपली काही तक्रार नाही अशा कागदावर तिचा अंगठा घ्यायचा आणि दिवस मावळायच्या आत दहन उरकून परतायचे. सोबत महादू शिपाई दिला. महादू तुझाच चेला, तुझ्याच मैदानावर टाचा जुळवायला शिकलेला. तिसरा लॉरीचा ड्रायव्हर, तो गावात शिरताच इंजिनाला पाणी आणायला ओढ्याकडे गेला.

धोंडीच्या आईचे, बायजाचे, घर गावाच्या कडेला. तू दाराशी गेलास. टोपी काढून तिच्या देवळीत ठेवलीस. मग महादूला हाक मारून प्रेत उतरवलेस. बायजाने पोराच्या अंगावरची चादर सारली, पाठ बघितली आणि तुला विचारले, "कशानं मेला माझा ल्योक?"

तू म्हणालास, "मारल्यानं."

अंगठ्याचा कागद तू खिशातून काढलाच नाहीस. तू तिथेच उभा होतास, आणि धुरळा उडवत जीप आली. काम नीट होते की नाही हे बघायला डेप्युटी साहेब स्वतः मागोमाग आले होते. तू उघड्या डोक्याने सावधान उभा राहिलास. हात उचलला नाहीस.

"टोपी कुठे आहे?" साहेबांनी विचारले.

"देवळीत, साहेब."

टोपी आधी, जीप नंतर. एवढ्या एका क्रमावर तुझी पुढची सगळी नोकरी टांगली गेली.

दुसऱ्या दिवशी मेमो आला: वरिष्ठ अधिकारी आले असता सलाम का केला नाही? तू उत्तर दिलेस: डोक्यावर टोपी नव्हती, नियमाप्रमाणे सावधान उभा राहिलो. त्या उत्तरातूनच दुसरा मेमो निघाला: गणवेशात, कामावर असताना टोपी का काढली? आणि तिसरा: सलाम टाळण्याच्या हेतूने काढली, असे का समजू नये? 'मारल्यानं' या शब्दाबद्दल कुठल्याच मेमोत अक्षर नव्हते. तो शब्द कागदावर आला असता तर तो का उच्चारला गेला हेही यावे लागले असते. टोपीला असली अडचण नव्हती.

चौकशी बंद खोलीत झाली. आत काय झाले ते तू मला चहाच्या दुकानात सांगितलेस, फळीवर बशी टोपीसारखी उलटी घालून. महादूला विचारले, जीप दिसली तेव्हा यांच्या डोक्यावर टोपी होती का?

"हुती, साहेब."

"मग?"

"जीप बगून काढली."

तुला उलट विचारायची परवानगी होती. तू एवढेच विचारलेस, "महादू, टोपी मी ठेवली कुठं?"

"ध्यानात न्हाय, मास्तर."

"प्रेत उतरताना माझं दोन्ही हात मोकळं हुतं का न्हवतं?"

महादूने चौकशीच्या साहेबांकडे बघितले. साहेब म्हणाले, पुरे.

ज्या बाईच्या देवळीत ती टोपी होती तिला बोलावले नाही; महादूचे उत्तर मात्र तिच्या कानावर गेले. मी अर्ज दिला की हा माणूस मयताच्या दारात टोपी काढतो हे मी स्वतः पाहिलेले आहे, माझी साक्ष घ्या. बाहेरच्या माणसाची साक्ष लागत नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. बायजाचे म्हणणे आमच्या वर्तमानपत्राने छापले होते, त्यावरून कोठडीतल्या मृत्यूची न्यायाधीशापुढे वेगळी चौकशी लागली. तिथेही तू बोललास, खुर्चीसकट सगळे सांगितलेस. निकालात आले की मृत्यूचे कारण निश्चित सांगता येत नाही; आणि या साक्षीदारावर वरिष्ठांचा अवमान केल्याबद्दल कारवाई चालू असल्याने त्याचे म्हणणे सावधपणे घ्यावे लागते. टोपीचा उपयोग तो होता. हे तुझ्या आधी माझ्या ध्यानात आले, आणि ध्यानात येऊन काहीही करता आले नाही.

मधल्या काळात एक वाट उघडली होती. ठाण्यातला अव्वल कारकून तुझ्या घरी आला. मी तिथेच होतो. तो म्हणाला, "मास्तर, एक वाक्य लिवा. दुःखानं भान राहिलं न्हाय. बास. प्रकरण मिटतंय, स्टार ऱ्हात्यात."

तू म्हणालास, "भान हुतं."

"आवं, हुतं की! पर लिवायला काय जातंय?"

"भान हुतं म्हणूनच काढली."

कारकून चहा न संपवता गेला. पारूवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "साऱ्या मैदानाला शिकवलंसा वाकायचं कुठं आन् हुबं ऱ्हायाचं कुठं. एक वाक्य लिवलं असतं तर काय झिजलं असतं?"  मला त्या वेळी त्यांचे पटले होते. अजूनही निम्मे पटते. क्वार्टर सोडताना लाइनीतल्या बायका त्यांना 'फौजदारीणबाई, चालला व्हय?' म्हणून हसल्या, ते तुझ्यापर्यंत आले नसेल. माझ्यापर्यंत आले.

हुकमात शिक्षा हा शब्द नव्हता. हंगामी फौजदारास मूळ जागी परत पाठवण्यात येत आहे, एवढेच. मूळ जागा म्हणजे हेड कॉन्स्टेबल. तुम्ही परत गल्लीत, तुझ्या वडिलांच्या दोन खोल्यांत आलात. स्टार काढायला आणि बाहीवर तीन फिती शिवायला तू अब्दुलचाचाकडेच गेलास. तो बराच वेळ नुसता कापड चाचपत बसला. मग म्हणाला, "खांद्यावरची भोकं बुजवू का, मास्तर?"

"राहू दे," तू म्हणालास. "वारा लागतोय."

चाचा हसला नाही. तूच हसलास. तो शर्ट तू विरेपर्यंत घातलास.

काही वर्षांनी महादू फौजदार झाला. कायम. डेप्युटी साहेब तर केव्हाच बढतीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. महादू ठाण्यावर आला त्या सकाळी मी तिथे बातमीसाठी बसलो होतो. तू व्हरांड्यात होतास. तुझ्या टाचा जुळल्या, गुडघे, पाठ, आणि मग हात. मैदानावर दाखवायचास तसा, तसूभर कमी नाही. महादूचा हात छातीपर्यंत आला आणि तिथून टेबलावरच्या फायलीकडे गेला. त्या दिवसापासून तू त्याला रोज सलाम केलास आणि त्याने तो एकदाही पुरता परत दिला नाही. "चोरतोय," तू मला म्हणालास. रागाने नाही, नव्या पोराची टाच चुकली की सांगायचास तसे. मला राग आला होता. मी म्हणालो, त्याने तुझी फौजदारी खाल्ली आणि तू त्याला सलाम मारतोस, तुला लाज कशी वाटत नाही?

"त्येच्या खांद्याला मारतोय. त्येला कुठं मारतोय?"

मग मी तो प्रश्न विचारला. बातमीदार आहे, कधी ना कधी तो विचारायचाच होता. "खरं सांग. धुरळा दिसला होता का तुला, टोपी काढायच्या आधी?"

तू माझ्याकडे बघितलेस. "तूबी?"

"माहीत असावं म्हणून विचारतो."

"जीप दिसली असती," तू सावकाश म्हणालास, "तर टोपी घातली असती, कडक सलाम मारला असता, परत काढली असती आन् तिला तेच सांगितलं असतं. सलाम मी कुणाचा बुडवला न्हाय. फौजदारी नेली, नेऊ दे. पर यशवंतानं सलाम चुकवला असं लिवलं त्यांनी. ते खोटं हाय."

तेव्हा मला कळले की इतकी वर्षे आपण दोघे दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होतो. मी तुझ्या स्टारसाठी भांडत होतो. तुला तो शब्द खोडून हवा होता, 'टाळण्याच्या हेतूने'. तू त्यासाठी अर्ज केलास, पुन्हा केलास. हुद्दा मागितला नाहीस, फक्त क्रम दुरुस्त करा म्हणालास. उत्तर आले नाही. आणि माझा तुझ्यावर विश्वास होता हे तुला सांगायचे राहून गेले. देवळीचे ऐकले तेव्हापासून होता. खात्री असूनही प्रश्न विचारायची आमच्या धंद्याला सवय लागते, आणि तुला ती सवय अविश्वासासारखी दिसली. त्यानंतर तू कचेरीत अंक आपटायला आला नाहीस. भेटायचास, बोलायचास, पण हुद्द्यांच्या चुका माझ्या मलाच सापडू लागल्या.

मी तुझ्यावरही चिडलेलो आहे, यशवंता. हुद्दा माणसापेक्षा मोठा, हे तू शेकडो पोरांच्या हाडांत घातलेस. त्यातलाच एक महादू. बंद खोलीत समोर हुद्दा बसलेला बघून त्याच्या टाचा जुळल्या आणि मास्तर दिसेनासा झाला. तुझेच शिक्षण त्याने तुझ्यावर चालवले. हे तुला कधी सुचले होते का, की सुचले होते आणि म्हणूनच तू त्याच्याबद्दल वाईट शब्द काढत नव्हतास? हा वाद आता मी एकटाच घालणार आहे.

परवाचे एवढेच सांगायचे राहिले.

बायजा आली होती. तिला कुणी कळवले माहीत नाही. म्हातारी झाली आहे, काठी टेकत आली आणि बायकांच्यात न बसता तुझ्या उंबऱ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. तुझी देवळी तिच्या डोक्यावर होती. नवे डेप्युटी साहेब तरुण आहेत, तुझे प्रकरण त्यांना ठाऊकही नसेल. हार घातला, क्षणभर उभे राहिले, टोपी डोक्यावरच. त्यांनी काढली नाही म्हणून खालच्यांनी कुणीच काढली नाही. तुझ्या प्रकरणानंतर आपल्या पोलिसांत मयताच्या दारी टोपी काढायची पद्धतच उरली नाही, हे मी गेली काही वर्षे बघतो आहे. हुकूम असा कधी निघाला नाही.

साहेब जीपकडे वळले. जीप सुरू झाली तेव्हा महादू फौजदाराने पुकारा केला आणि सगळ्या रांगेने सलाम केला. तुझ्याकडे पाठ करून, जीपला. टाचा एकदम वाजल्या. तुझ्या हातची कवायत होती ती, एकही टाच मागे-पुढे झाली नाही.

जीप कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. महादू तिथेच थोडा वेळ उभा राहिला. मग परत आला, तुझ्या दाराशी थांबला आणि त्याने टोपी काढली. त्याचे बघून बाकीच्यांनीही काढल्या. तिरडीला हात लावायला त्याला हात मोकळे हवे होते. त्याने इकडे तिकडे बघितले आणि टोपी तुझ्या देवळीत ठेवायला हात वर केला.

बायजा खालून म्हणाली, "आता घावली व्हय रं देवळी?"

महादूचा हात वरच राहिला. सगळी गल्ली ऐकत होती.  टोपी देवळीत ठेवून त्याने पुढचा खांदा दिला.

क्रम दुरुस्त करा, असा तुझा अर्ज होता. तुझा क्रम आता कुणी दुरुस्त करणार नाही. निदान परवाचा चुकू नये म्हणून तो इथे नोंदवतो: तुझ्या दारात जीप आधी गेली, टोपी नंतर निघाली.